आकड्याचा खरा हिशेब

"मीटर थोडं स्लो करून देतो, बिल निम्म्यावर येईल." असं सांगणारा माणूस कुठल्याही तालुक्याच्या गावाला भेटतो आणि संगमनेर त्याला अपवाद नाही. तो दोन-चार हजार मागतो, 'वरपर्यंत सेटिंग आहे' म्हणतो, पावती देत नाही आणि स्वतःचं नावही अर्धंच सांगतो. पुढे महावितरणचं भरारी पथक दारात आलं की त्याचा फोन बंद लागतो. पंचनाम्यावर नाव चढतं ते ग्राहकाचं, कारण मीटर त्याच्या नावावर आणि त्याच्याच भिंतीवर असतं. वीज कायदा 2003 च्या कलम 135 मध्ये तसं गृहीतच धरलेलं आहे. मीटरमध्ये किंवा जोडणीत चोरीची कृत्रिम सोय सापडली की ती ग्राहकानेच केली असं मानायचं, आणि तसं नाही हे त्यानेच सिद्ध करायचं. एरवी फौजदारीत आरोप सिद्ध करण्याचा भार सरकारवर असतो. इथे गाडा उलटा आहे. शिवाय 2007 च्या दुरुस्तीनंतर हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र झाला आहे. 'फार तर दंड भरू' म्हणणाऱ्यांनी आधी वकिलाला हे विचारून घ्यावं.

आता पैशाचं बोलू, कारण मोह पैशाचाच असतो. बसस्थानकाच्या आसपास चहा-नाश्त्याचं एक दुकान आहे असं धरा. मंजूर भार 3 किलोवॅट. मीटरमध्ये फेरफार करून मालक महिन्याला 200 युनिट वाचवतो. हिशेबाच्या सोयीसाठी युनिटला 12 रुपये धरले तर महिन्याचे 2,400 आणि वर्षाचे 28,800 रुपये वाचले. मग पथक येतं. पुरवठा जागेवरच तोडला जातो आणि 24 तासांच्या आत पोलिसांत फिर्याद जाते. विशेष न्यायालयाने दिवाणी देणं ठरवलं तर ते वीजदराच्या किमान दुप्पट असतं आणि मागच्या 12 महिन्यांचं धरता येतं, म्हणजे 57,600 रुपये. गुन्हा शाबीत झाला तर पहिल्या वेळी दंड लाभाच्या किमान तिप्पट, म्हणजे 86,400. तीन वर्षांपर्यंतची कैद वेगळी. कैद किंवा दंड, किंवा दोन्ही.

खटला टाळायचा तर कलम 152 खाली तडजोडीची सोय आहे. तिचे दर कायद्यातच दिले आहेत. मंजूर भाराच्या दर किलोवॅट किंवा अश्वशक्तीमागे उद्योगाला 20,000, व्यावसायिकाला 10,000, शेतीला 2,000 आणि घरगुतीसह इतरांना 4,000 रुपये. आपल्या दुकानदाराला 30,000 भरावे लागतील आणि वरचे 57,600 सुटणार नाहीत. सगळ्यात स्वस्तात सुटला तरी 28,800 च्या चोरीला 87,600 रुपये पडले. त्या अर्ध्या नावाच्या माणसाला दिलेले पैसे, बंद फ्रीजमध्ये नासलेलं दूध आणि गिऱ्हाइकांसमोर झालेला पंचनामा मी यात धरलेला नाही. तडजोड आयुष्यात एकदाच करता येते. दहा किलोवॅटच्या वर भार असलेला ग्राहक दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान सहा महिने कैद, ती पाच वर्षांपर्यंत वाढू शकते, आणि दंड लाभाच्या सहापट.

'पण सापडतंय कोण?' हा पुढचा प्रश्न. चकती फिरणाऱ्या जुन्या मीटरच्या जमान्यात या प्रश्नात थोडा दम होता. आजचं इलेक्ट्रॉनिक मीटर झाकण उघडल्याची, बाहेरचं चुंबकीय क्षेत्र आल्याची, एखाद्या फेजचं व्होल्टेज गायब झाल्याची नोंद तारीख-वेळेसह स्वतःच्या स्मृतीत ठेवतं. ती नोंद नंतर मशीन लावून वाचली जाते. त्याहून साधी गोष्ट म्हणजे डीपीवरचं, म्हणजे वितरण रोहित्रावरचं मीटर. डीपीतून गेलेले युनिट आणि त्या डीपीवरच्या सगळ्यांच्या बिलांत आलेले युनिट यांची वजाबाकी केली की कुठल्या गल्लीत किंवा कुठल्या शिवारात वीज मुरते ते कार्यालयात बसल्या बसल्या कळतं. स्मार्ट मीटरबद्दल लोकांच्या तक्रारी आहेत, त्यातल्या काही रास्तही असतील. तो वेगळा विषय आहे. वीजचोरीपुरतं सांगायचं तर त्या मीटरने वजाबाकीसाठी महिनाभर थांबायची गरजही संपवली आहे.

पैसा बुडाला तर पुन्हा कमावता येतो. खरा धोका शिवारात, तारांवर टाकलेल्या आकड्यात आहे.

आकडा जवळून पाहा. दोन वायरींची टोकं सोलून वाकवायची, बांबूने उचलून लघुदाबाच्या तारांवर लटकवायची. जोड घट्ट बसत नाही. वारा आला की ठिणग्या पडतात आणि खाली उसाचं वाळलेलं पाचट असतं. तिथून वायर बांधाच्या कडेने, ओल्या सरीतून, कधी नुसती जमिनीवरून विहिरीपर्यंत जाते. तिचं आवरण उंदीर कुरतडतो, ट्रॅक्टरचा फाळ कापतो, ऊन-पाऊस फोडतो. मध्ये ना फ्यूज, ना अर्थिंग.

'शॉक बसला तर डीपीचा फ्यूज उडेलच की' हा समज जीवघेणा आहे. ओल्या अंगाचा विरोध साधारण हजार ओहम धरला तर 230 व्होल्टला शरीरातून सुमारे 0.23 अँपिअर प्रवाह जातो. काळजाचे ठोके बिघडायला याच्या निम्माही पुरतो. डीपीवरचा फ्यूज असतो दहांनी अँपिअरचा, त्याला 0.23 चा पत्ताच लागत नाही. तो डीपी वाचवायला बसवलेला आहे, माणूस वाचवायला नाही. माणूस वाचवायला घरात जो ईएलसीबी किंवा आरसीसीबी लावतात तो 0.03 अँपिअर गळतीला तुटतो, आणि आकड्याच्या मोटारीवर तो असण्याचा प्रश्नच येत नाही.

त्यात आपल्याकडची रात्रीची पाळी. शेतीचा थ्री फेज पुरवठा आलटून पालटून रात्री येतो, आणि प्रवरेच्या दोन्ही काठांना उसात बिबट्या आहे. दारे धरायला निघालेला माणूस बॅटरीचा झोत समोर आणि बाजूच्या उसात मारत चालतो. पायाखाली शेजाऱ्याची चोरीची वायर आहे का, हे पाहायला त्याला सवड नसते. मरणारा बहुतेक वेळा आकडा टाकणारा नसतोच. तो सालगडी असतो, पाणी प्यायला आलेली म्हैस असते, बांधावरून शाळेत जाणारं पोर असतं.

पाणी आणि वीजतार एकत्र आली की काय होतं हे या तालुक्याने पाहिलं आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये पठार भागात खंदरमाळवाडीच्या परिसरात पाण्यात उतरलेली चार लहान मुलं विजेच्या धक्क्याने गेली. त्या दुर्घटनेशी आकड्याचा संबंध जोडायचं कारण नाही. पण आपल्या हाताने एक उघडी वायर ओल्या रानात सोडताना ती चार मुलं आठवायला हवीत.

रानडुकरांसाठी कुंपणात थेट लाइनचा करंट सोडणारे याहून पुढचे. त्यात माणूस मेला तर वीजचोरीचं कलम बाजूलाच राहतं, मनुष्यवधाचा गुन्हा लागू शकतो. बिबट्या मेला तर वन्यजीव संरक्षण कायदा 1972 आहे आणि बिबट्या त्याच्या पहिल्या अनुसूचीत येतो. पीक राखायचंच असेल तर बॅटरीवर किंवा सौरपत्र्यावर चालणारं, क्षणभर झटका देऊन थांबणारं झटका मशीन घ्या. थेट लाइन आणि झटका मशीन यांत फरक एवढाच, की एकाने जनावर मरतं आणि दुसऱ्याने पळतं.

लाइनमनच्या जिवाचं फारसं कुणी बोलत नाही. शेती फीडर बंद असताना गावठाणच्या सिंगल फेजवरून आकडा घेऊन मोटार किंवा कोठीतले दिवे चालवणारे असतात. स्विच नीट न पाडता ही जोडणी केली की गावठाणची वीज उलट्या वाटेने बंद शेती लाइनमध्ये शिरते. वायरमनने उपकेंद्रातून परमिट घेतलेलं असतं, कागदावर लाइन मृत असते, आणि तो खांबावर चढतो. महावितरणच्या माणसाने निदान लाइन अर्थ करून चढायचं असा नियम तरी आहे. गावागावांत जे झिरो वायरमन आहेत, ज्यांचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नाही, ते पक्कड घेऊन थेट वर जातात. 2013 मध्ये आलेल्या 'कटियाबाज' या माहितीपटात कानपूरच्या आकडेबहाद्दराची धिटाई पाहून हसू येतं. खांबाखाली उभ्या असलेल्या वायरमनच्या बायकोला ते येणार नाही.

कुणी चिकटलंच तर काय करायचं ते घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा. आधी स्विच किंवा डीपी बंद. ते जमत नसेल आणि लाइन घरगुती किंवा मोटारीची लघुदाबाची असेल तर कोरड्या लाकडाने, कोरड्या जागेवर उभं राहून वायर बाजूला करायची. उघड्या हाताने माणसाला धरायचं नाही. अकरा केव्हीच्या तारेला लाकूडही चालत नाही. तिथे लांब थांबून उपकेंद्राला फोन करणं एवढंच हातात असतं. जमिनीवर पडलेल्या तारेजवळ आपण आधीच उभे असू तर ढांगा टाकू नयेत, पाय जुळवून, ते न उचलता जमिनीवर घासत मागे यावं, कारण दोन पावलांमधल्या जमिनीतही दाबाचा फरक असतो. सुटलेला माणूस श्वास घेत नसेल तर छातीवर दाब देणं लगेच सुरू करा आणि 108 ला फोन लावा.

जीव वाचला तरी डीपी मरते, आणि तिच्याबरोबर सगळ्या शिवाराचं पाणी. शंभर केव्हीएच्या डीपीवर पाच अश्वशक्तीच्या साधारण अठरा-वीस मोटारी पेलतात. त्यावर पाच-सहा आकडे चढले की व्होल्टेज पडतं. व्होल्टेज पडलं की मोटार जास्त करंट ओढते, तापते आणि तिचं वाइंडिंग जळतं. अधिकृत कनेक्शन असलेल्या माणसाची मोटारही त्यात जळते आणि रिवाइंडिंगचा खर्च त्याच्याच अंगावर पडतो. त्यात प्रत्येकाने ऑटोस्विच लावलेला. वीज आली की सगळ्या मोटारी एकाच क्षणी उठतात आणि डिओ फ्यूज उडतो, नाहीतर डीपीच बसते. ही वेळ येते नेमकी कांदा-गहू पाण्यावर आलेले असताना. ग्रामीण भागात नादुरुस्त रोहित्र 48 तासांत बदलावं असा वीज नियामक आयोगाचा दंडक आहे. पण गोम पुढेच आहे. नवी डीपी किती क्षमतेची हवी हे कागदावरच्या मंजूर भारावरून ठरतं. आकडे कागदावर नसतात. त्यामुळे जळालेल्या जागी तेवढ्याच ताकदीची डीपी येते आणि पुढच्या हंगामात तीही जळते. मोठी डीपी मिळवण्याचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे शिवारातल्या प्रत्येकाने कोटेशन भरून आपला भार कागदावर आणणं.

ज्यांना हे फार पुस्तकी वाटतं त्यांनी शेजारी पाहावं. मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था आपल्याच जिल्ह्यातली. श्रीरामपूर आणि राहुरीसह नेवासे, राहाता आणि संगमनेर तालुक्यांच्या काही गावांना 1970 च्या दशकापासून ती वीज देत होती. सभासदांच्या मालकीची वीजसंस्था हा महाराष्ट्रातला दुर्मिळ प्रयोग होता. महावितरणची प्रचंड थकबाकी, गळती आणि दराचे वाद यांत ती रुतत गेली. जानेवारी 2011 अखेर परवाना संपला आणि 1 फेब्रुवारीपासून कारभार महावितरणकडे आला. एकट्या वीजचोरीने ती बुडवली असं म्हणणं अन्यायाचं होईल. शेतीचे दर, राजकारण, विनामीटर पंप, सगळ्यांचा वाटा होता. पण विकत घेतलेल्या युनिटांचे पैसे वसूल न होणं कुठल्याही संस्थेला पेलत नाही, ती सरकारी असो की आपली स्वतःची सहकारी.

मग परवडत नाही त्याने करायचं काय? हा प्रश्न खोटा नाही, आणि चोरीवर लिहिणारे बहुतेक जण तो टाळतात. शेतीपंपाचं म्हणाल तर साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजनेखाली एप्रिल 2024 पासून पाच वर्षं बिल माफ आहे. अधिकृत कनेक्शनला वीज फुकट असताना जिवावर उदार होऊन आकडा टाकायला अक्कल गहाण ठेवावी लागते. ज्यांच्याकडे कनेक्शनच नाही त्यांना 'मागेल त्याला सौर कृषीपंप' आहे. अडीच एकरांपर्यंत तीन, पाच एकरांपर्यंत पाच आणि त्याहून जास्त जमिनीला साडेसात अश्वशक्तीचा पंप मिळतो. शेतकऱ्याचा हिस्सा 10 टक्के, अनुसूचित जाती-जमातींना 5 टक्के. हा पंप दिवसा चालतो, म्हणजे बिबट्याच्या पाळीतूनही सुटका. घराच्या छतासाठी पंतप्रधान सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला 30,000, दोनला 60,000 आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला 78,000 रुपये अनुदान आहे. बिल तुंबलं असेल तर उपविभागात लेखी अर्ज करून हप्ते मागा. थकबाकीदार असणं हा गुन्हा नाही. तोडलेलं कनेक्शन परस्पर जोडून घेतलं की मात्र चोरीचं कलम लागतं. गणेशोत्सवाला किंवा लग्नाला तात्पुरतं कनेक्शन घ्या. लोखंडी मांडवाला आकड्याची वीज देणं म्हणजे आलेल्या प्रत्येकाला खांबाशी जोडणं.

घरातल्या मीटरवर पुढच्या खोलीत शिलाई किंवा किराणा चालवणाऱ्यांची एक शंका नेहमी असते. हा प्रकार चोरीचा नसून कलम 126 खालच्या अनधिकृत वापराचा आहे. त्यात दुप्पट दराने आकारणी होते, पण पोलीस केस होत नाही. छोट्या व्यवसायाला, दरमहा 300 युनिटच्या आत, घरगुती दर लागू ठेवण्याची सवलत आयोगाच्या दर आदेशात आलेली आहे. आपण त्यात बसतो का ते आधीच उपविभागात विचारून लेखी घ्या. आकारणी चुकीची वाटली तर अंतिम आदेशापासून 30 दिवसांत, निम्मी रक्कम भरून, कलम 127 खाली अपील करता येतं.

मीटर खरंच जोरात पळतंय असं वाटत असेल तर त्याला हात लावू नका. तपासणीचा अर्ज करा, फी भरा, चाचणी आपल्या समोर करायला सांगा. मीटर सदोष निघालं तर बिलाची दुरुस्ती जास्तीत जास्त तीन महिन्यांपुरती होते, म्हणून शंका आली त्याच महिन्यात अर्ज द्या. दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच आणि त्यावर विद्युत लोकपाल आहे. मात्र चोरीचा शिक्का बसलेलं प्रकरण या मंचाच्या कक्षेत येत नाही. ज्याची तक्रार खरी होती, पण ज्याने रागाच्या भरात सील तोडलं, त्याचं दार तिथेच बंद होतं.

जुनं घर किंवा गाळा घेणाऱ्यांनी आणि भाडेकरूंनी ताबा घेतानाच मीटरचा नंबर, रीडिंग आणि सील यांचा तारखेसह फोटो काढून ठेवावा. सील आधीच तुटलेलं असेल, माकडाने किंवा पावसाने काही झालं असेल, तर त्याच दिवशी लेखी कळवून पोच घ्या. सिद्ध करायची जबाबदारी आपल्यावर आहे म्हटल्यावर हा एक कागद लाखाचा आहे.

पथक आलंच तर अडवू नका. सरकारी कामात अडथळ्याचा दुसरा गुन्हा ओढवून घ्याल. ओळखपत्र मागा. तपासणीच्या वेळी घरचं माणूस हजर राहू द्या. सूर्यास्तानंतर घराची झडती घ्यायची तर तिथे राहणारा प्रौढ पुरुष हजर असावा लागतो, हे बायकांनी लक्षात ठेवावं. जप्त वस्तूंची यादी मिळवा, पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नका, हरकत असेल ती सहीशेजारीच लिहा. जागेवर रोख रक्कम कुणालाही देऊ नका. पैसे फक्त पावतीवर.

आणि शेजारच्या बांधावर आकडा दिसला तर? आपल्याकडे इथे भावकी आडवी येते, मला ठाऊक आहे. आधी तोंडाने सांगून पाहा. ऐकलं नाही तर 1912 किंवा 1800-233-3435 वर कळवा. दोन्ही क्रमांक महावितरणचे आहेत आणि चोवीस तास चालतात. लोंबलेली तार, झुकलेला खांब, उघडी पडलेली डीपीची पेटी यांच्यासाठीही हेच क्रमांक. रब्बीचं पाणी सुरू होण्याआधी एकदा आपल्या विहिरीपर्यंतची वायर दिवसाउजेडी पायी फिरून बघून या, आणि जाताना घरातलं थोरलं पोरही बरोबर घ्या.